होइचीच्या अंगावर गोंदण नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण भयपटांना अख्खं पान दिलंत. लेखकानं पुष्कळ सिनेमे बघितलेले दिसतात. तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी जोडून केलेल्या भयपटांना त्यांनी 'गोधडी' म्हटलंय, आणि ते काही कौतुकानं म्हटलेलं नाही. असो. गोधडीला नावं ठेवणाऱ्यानं डिसेंबरात पन्हाळ्यावर एक रात्र उघड्यावर काढून बघावी. माझी तक्रार लेखाबद्दल नाही, फोटोखालच्या ओळीबद्दल आहे.

फोटो 'क्वायदान' या जपानी सिनेमातला होता. १९६४चा, मासाकी कोबायाशींचा, चार वेगळ्या गोष्टींचा. डोकं भादरलेला तरुण, चेहऱ्यापासून खाली सगळ्या अंगभर बारीक काळी अक्षरं. खाली आपण छापलंत : 'अंगावर मंत्र गोंदवलेला बौद्ध भिक्षू'. एका ओळीत दोन चुका. तो भिक्षू नाही, देवळाच्या आश्रयानं राहणारा आंधळा वादक आहे. नाव होइची. आणि ते गोंदण नाही. ती अक्षरं ब्रशानं, शाईनं लिहिलेली आहेत, एका दिवसात, रात्र व्हायच्या आत. गोंदण असतं तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

एवढ्यानं काय बिघडलं, असं आपल्याला वाटेल. मी १९६८ ते २०११ कोल्हापुरात बोर्ड रंगवले. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाठी, तालमींची नावं, निवडणुकीच्या भिंती, औषधाच्या आणि बियाण्याच्या जाहिराती, देवळांतल्या देणगीदारांच्या याद्या. फ्लेक्स आल्यावर हळूहळू काम संपलं. ते रडगाणं इथं गात नाही, सगळ्यांना पाठ आहे. पण ब्रशाच्या अक्षराला कुणी गोंदण म्हटलं की अजून पोटात दुखतं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो १९८०च्या आसपास, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. रीळ बदलताना दिवे लागायचे आणि प्रत्येक वेळी चार माणसं कमी झालेली असायची. तीन तासांचा सिनेमा, तोही जपानी. त्या वेळी मला अर्धाच कळला, पण आकाश तेवढं लक्षात राहिलं. यंदा नातीनं लॅपटॉपवर पुन्हा लावून दिला. ती कमर्शिअल आर्टला आहे. खालच्या इंग्रजी ओळी ती मोठ्यानं वाचत होती, मी वर चित्र बघत होतो.

आकाशाबद्दल आधी सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. कोबायाशींनी यातला बराचसा सिनेमा जुन्या विमानांच्या हँगरमध्ये सेट उभारून केला. आकाश रंगवलेलं आहे, आणि ते रंगवलेलं आहे हे लपवलेलं नाही. बर्फातल्या बाईच्या गोष्टीत आभाळात भलेमोठे डोळे काढलेत, ते खालच्या माणसाकडं टक लावून बघतात. नात म्हणाली, आजोबा, हे नाटकाच्या पडद्यासारखं दिसतंय. मी म्हटलं, मग? आमच्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमा काढायच्या आधी नाटकांचे पडदेच रंगवले होते. रंगवलेल्या आभाळाखाली माणूस लहान दिसतो. खऱ्या आभाळाखाली तो नुसता बाहेर उभा असतो.

आता गोष्टी. चारही गोष्टी लाफ्कादिओ हर्न या लेखकाच्या पुस्तकांतून घेतलेल्या. हा माणूस १८५० साली ग्रीसमधल्या एका बेटावर जन्मला, आयर्लंडमध्ये वाढला, अमेरिकेत वर्तमानपत्रांत लिहिलं, १८९०ला जपानला गेला आणि तिथलाच झाला. सोळाव्या वर्षी एक डोळा गेलेला. बायको कोइझुमी सेत्सु जुन्या गोष्टी सांगायची आणि हा लिहायचा. पुस्तकातून वाचून दाखवू नकोस, तुझ्या तोंडानं सांग, असा त्याचा हट्ट असे. सेत्सुनं त्याच्या मागे आठवणी लिहिल्या, त्यात होइचीबद्दल एक प्रसंग आहे. ही गोष्ट लिहीत असताना हर्न संध्याकाळ झाली तरी दिवा लावीना. तिनं शेजारच्या खोलीतून हळूच हाक मारली, 'होइची, होइची.' आतून उत्तर आलं, हो, मी आंधळा आहे, आपण कोण? नातीनं हे कुठूनसं काढून वाचून दाखवलं तेव्हा सिनेमातल्या कुठल्याही भुतापेक्षा मला याची जास्त भीती वाटली. एक डोळा शाबूत असलेला माणूस, टेबलापाशी अंधारात बसून दुसराही मिटून घेतो. गोष्ट जमावी म्हणून.

पहिल्या गोष्टीत विणकाम करणारी बायको आहे. नवरा गरिबीला कंटाळून तिला टाकून जातो आणि वर्षांनी परत येतो. दुसरीतला लाकूडतोड्या बायको-पोरांसाठी हातानं चपला करत बसतो. तिसरीत वादक, चौथीत लेखक. आपल्या लेखकाला यात चार भुतं दिसली. मला चार कारागीर दिसले. पहिल्या दोघांबद्दल जास्त लिहीत नाही. विणणारीचा माग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे, आणि त्या गोष्टीत तोरू ताकेमित्सुंनी संगीत म्हणून लाकूड तडकल्याचे आवाज वापरलेत. तेही तडकणं दिसतं तेव्हा नव्हे, भलत्याच क्षणी.

होइची. ११८५ साली दान-नो-उरा इथं समुद्रात लढाई झाली. ताइरा म्हणजे हेइके घराणं तिथं संपलं. त्यांचा लहानगा सम्राट आन्तोकु, त्याच्या आजीनं त्याला कवेत घेऊन समुद्रात उडी टाकली. त्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पाठीवर माणसाचे चेहरे दिसतात, ते त्या मेलेल्या वीरांचेच, असं लोक म्हणतात. होइची या लढाईचं कथन बिवा वाजवून गातो. बिवा म्हणजे चार तारांचं वाद्य, मोठ्या पसरट नखीनं छेडायचं. एका रात्री एक चिलखत घातलेला शिपाई येतो, नावानं हाक मारतो, आमच्या मालकांना तुझं गाणं ऐकायचंय म्हणतो, दंड धरतो आणि घेऊन जातो. मोठा दरबार भरलाय असं होइचीला वाटतं. त्याला दिसत तर नाहीच. रात्रीमागून रात्री तो त्या लढाईचं गातो आणि समोरची माणसं ढसाढसा रडतात. देवळातले नोकर मागं जातात तर हा भर पावसात स्मशानात, आन्तोकुच्या थडग्यासमोर बसून वाजवतोय.

ज्यांचं मरण तो गातोय, तीच माणसं ऐकायला बसलीत. आणि त्यांच्याइतके चांगले श्रोते त्याला गावात मिळालेले नाहीत. ही खरी भीतीची जागा. मी चाळीस वर्षं गिऱ्हाईक बघितलं, पण भिंतीवरचं वाचतं कोण ते कधी बघितलं नाही. पैसे देणारा वेगळा, वाचणारा वेगळा. एका निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांच्या भिंती मीच रंगवल्या, एक दिवसा आणि एक रात्री. अक्षर दोन्हीकडं तेवढंच सुबक होतं. कुणासाठी वाजवतोस, असं होइचीला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, मोठ्या लोकांसाठी.

तो दंड धरणारा हात कोबायाशींना ठाऊक होता. महायुद्धात ते सक्तीच्या भरतीत गेले, मांचुरियात होते, बढती नाकारून साधे शिपाईच राहिले आणि शेवटी युद्धकैदी झाले. चिलखतातला माणूस दारात येतो आणि 'चल' म्हणतो. असं दृश्य ज्यानं हुकूम ऐकलेत तोच करणार.

मग देवळातला मुख्य पुजारी ठरवतो, होइचीच्या सर्वांगावर बौद्ध सूत्र लिहायचं. ज्या जागेवर अक्षर असेल ती जागा भुताला दिसणार नाही. आता इथं माझ्यासारख्याला खुर्चीत सरसावून बसावं लागतं.

अंगावर लिहिणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. आमच्याकडं फुटबॉलच्या दिवसांत पेठेतल्या पोरांच्या गालांवर मी तालमीची नावं लिहून दिलेली आहेत. कातडीवर खडूची दोरी मारता येत नाही. माणूस श्वास घेतो आणि ओळ हलते. बरगडीवर अक्षर नीट बसतं, पोटावर पसरतं, घामावर शाई फुटते. आणि इथं तर डोक्यापासून तळपायापर्यंत. दोन माणसं लिहिताहेत, पुजारी आणि त्याचा शिष्य. छाती झाली, पाठ झाली, हात झाले, पापण्यासुद्धा झाल्या. राहिले फक्त कान.

कानच का राहिले, हे आपल्या लेखकाला विचित्र वाटलं. त्यांच्या मते ते 'गोष्टीच्या सोयीसाठी' आहे. नाही हो. कुठल्याही पेंटरला विचारा, कान राहणारच. कान म्हणजे कड. चेहरा एका बाजूनं संपतो, मान दुसऱ्या बाजूनं सुरू होते, आणि कान दोन्हींच्या मध्ये घडी घालून बसलेला असतो. मोठं होर्डिंग दोघांनी मिळून रंगवलं की चूक मध्यभागी कधीच सापडत नाही, जोडावर सापडते. इकडच्याला वाटतं ते तिकडच्याचं आहे. तिकडचा तोवर चहाला गेलेला असतो.

हर्नच्या गोष्टीत पुजारी नंतर सांगतो, कानांचं काम मी शिष्यावर सोपवलं होतं, त्यानं ते केलंय की नाही हे बघितलं नाही, माझी फार मोठी चूक झाली. शिष्याला एक शब्द बोलत नाही. पहिल्यांदा सिनेमा बघितला तेव्हा मी तिशीतही नव्हतो, हे मनावर आलं नाही. यंदा आलं.

१९८६ साली शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला. आतल्या भिंतीवर देणगीदारांची नावं लिहायचं काम मला मिळालं. एकशे बारा नावं, रकमेच्या उतरत्या क्रमानं, दोन रकान्यांत. माझ्या हाताखाली तेव्हा एक पोऱ्या होता. अक्षर चांगलं, हात धीमा. डावा रकाना मी घेतला, उजवा त्याला दिला. कळसाच्या कार्यक्रमाला दोन दिवस होते. संपवलं, पैसे घेतले, सायकली एसटीच्या टपावर टाकल्या आणि परत आलो. उजवा रकाना मी यादीशी ताडून बघितला नाही.

आठवड्यानं सरपंचाचा निरोप आला. गावातल्या एका म्हातारीनं एकावन्न रुपये दिले होते. तिला वाचता येत नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी तिनं नातवाला भिंतीसमोर उभं केलं आणि एकशे अकरा नावं एकेक करून वाचायला लावली. शेवटी विचारलं, 'माझं न्हाई व्हय रं त्यात?' भांडली नाही, काही नाही. घरी गेली.

मी पोऱ्याला खूप बोललो. तो ऐकून घेत होता. मग एकटाच परत गेलो. मध्ये नाव घुसवायला जागा नव्हती. सगळा रकाना पुसून परत लिहायचा तर दोन दिवस जाणार आणि त्याचे पैसे कुणी देणार नव्हतं. म्हणून सगळ्यांत खाली, काठाच्या पट्टीवर, बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच लहान अक्षरांत तिचं नाव लिहिलं. एकावन्न रुपयेवाली अकरा रुपयेवाल्यांच्या खाली गेली. म्हातारीनं येऊन त्या ओळीवर हात फिरवला तेव्हा एनॅमल ओलं होतं. थोडं फिसकटलं, तेही पुन्हा काढलं.

पुजाऱ्यानं शिष्याला एक शब्द बोलू नये आणि मी पोऱ्याला चारचौघांत बोलावं, हे मला वयाच्या पंच्याहत्तरीत लॅपटॉपसमोर बसून कळलं. तो पोऱ्या आता आजोबा झालाय, आमच्याच पेठेत राहतो. म्हणून या पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती.

तर, कान. रात्री शिपाई येतो, हाका मारतो. होइची आधी ठरल्याप्रमाणं गप्प बसलेला. भुताला समोर हवेत तरंगणारी बिवा दिसते आणि दोन कान. तो विचार करतो, तोंडच नाही म्हणजे उत्तर कुठून देणार. हुकूम तर पाळला पाहिजे, निदान जेवढं सापडलं तेवढं मालकाकडं न्यावं. आणि कान उपटून घेऊन जातो. भुताचाही हिशेब चोख! त्याला होइचीचा राग नाही, त्याला फक्त काम दाखवायचंय. आपल्याकडच्या सिनेमातलं भूत सूड घेतं, हसतं, डोळे फिरवतं. हे भूत पावती घेऊन जातं.

जे सूत्र लिहिलं ते प्रज्ञापारमिता हृदयसूत्र. मूळ संस्कृत. आमच्या गल्लीत पाली शिकवलेले एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना विचारलं तर त्यांनी ओळी म्हणूनच दाखवल्या. 'रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्' हे मी ऐकलेलं होतं. त्याच सूत्रात पुढं आहे, 'न चक्षुःश्रोत्रघ्राणजिह्वाकायमनांसि'. डोळा नाही, कान नाही, नाक नाही, जीभ नाही, शरीर नाही, मन नाही. म्हणजे ज्या मंत्रात 'कान नाही' असं म्हटलंय, तो मंत्र सगळ्या अंगावर आहे आणि कानांवरच नाही. प्राध्यापक हे सांगून चष्मा पुसत बसले. मी घरी आलो. (सूत्राचा शेवट 'स्वाहा'नं होतो. नात म्हणाली, तात्या विंचूसारखा? मी तिला गप्प केलं, पण हसू आलंच.)

शेवटची गोष्ट लेखाचे लेखक 'अर्धवट आणि निरर्थक' म्हणतात. अर्धवट आहे, हे बरोबर. ती अर्धवट राहिलेल्या गोष्टीचीच गोष्ट आहे. एक लेखक जुनी कथा लिहितोय : चहाच्या पेल्यात परक्या माणसाचा चेहरा दिसतो, पिणारा चेहऱ्यासकट चहा पिऊन टाकतो, मग तो माणूस त्याच्यापुढं येऊन उभा राहतो. कथा पुढं मध्येच थांबते. प्रकाशक घरी येतो तर लेखक गायब, कागद टेबलावर. घरमालकीण पाण्याच्या रांजणात डोकावते आणि किंचाळते. लेखक आत आहे, पाण्याखालून हात करून बोलावतोय. जुन्या गोष्टी अर्धवट का राहतात याची कारणं हर्ननं दिली आहेत : लेखक आळशी असेल, प्रकाशकाशी बिनसलं असेल, कुणी हाक मारून टेबलापासून उठवलं आणि तो परत आलाच नाही, किंवा वाक्याच्या मध्येच मरणानं ब्रश थांबवला. प्रकाशकाशी बिनसणं आणि मरण एकाच यादीत बघून मला बरं वाटलं. वर्तमानपत्रात राबलेला माणूस होता, गिऱ्हाईक ओळखून होता.

या सिनेमाला १९६५च्या कान महोत्सवात परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. (महोत्सवाचं नाव वाचूनही मला होइचीच आठवला, इलाज नाही.) लेखात हे आलेलं नाही. जागेअभावी राहिलं असेल, समजू शकतो. पण फोटोखालची ओळ जागेअभावी चुकत नाही. ती लिहिणारा आणि लेख लिहिणारा बहुधा वेगवेगळे असतात. एकानं चित्र बघितलेलं नसतं, दुसऱ्यानं ओळ बघितलेली नसते. आपल्या कचेरीत हे कसं चालतं मला माहीत नाही, आमच्याकडं असंच चालायचं.

दुरुस्ती छापणार असाल तर एवढीच ओळ पुरे : 'छायाचित्रातील व्यक्ती बिवावादक होइची असून त्याच्या अंगावरील अक्षरे ब्रशने लिहिलेली आहेत.' होइची, पहिलं अक्षर 'हो', मग ऱ्हस्व इ, मग दीर्घ ची.

कळावे,
एक निवृत्त बोर्ड पेंटर,
कोल्हापूर

ता. क. पत्र लिहून दोन दिवस घरातच पडलं होतं. मधल्या वेळात मलकापूरला एका लग्नाला जाणं झालं, परतताना मुलाला गाडी त्या गावाकडं वळवायला सांगितली. देवळात आता खालपासून वरपर्यंत फरशी बसवलीय. माझी भिंत गेली. नावं काळ्या ग्रॅनाइटवर मशीननं कोरून सोनेरी रंग भरलाय, काम स्वच्छ आहे. मुलाला वाचायला लावली, मी मोजली. एकशे अकरा. यादी भिंतीवरून उतरवून घेणाऱ्याला काठावरची बारीक ओळ दिसली नसावी. पुजारी तरुण आहे, त्याला काही माहीत नव्हतं. ग्रॅनाइटवर एनॅमल धरत नाही, म्हणून फरशी जिथं संपते तिथली चुन्याची पट्टी बघून ठेवलीय. अमावस्या झाली की जाणार आहे. चार नंबरचा ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातलाय.